गफूरच्या दारातली लादी

गफूर, तुझ्या मातीला मी पोचलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळा. मी बीडच्या स्टँडवर उतरलो तेव्हा माणसं कब्रस्तानातून परत फिरली होती. ओळखीचे दोघंतिघं रस्त्यातच भेटले. डोक्यावरचे रुमाल अजून तसेच होते, हातांना माती होती. एकानं नुसता खांद्यावर हात ठेवला आणि मला कळलं की आता घाई करण्यात अर्थ नाही. तरी मी पळालो. या वयात, चपला हातात घेऊन पळालो.

तेव्हापासून रसवंती बंद आहे. चैत्राचं ऊन भाजून काढतंय. गिऱ्हाईक येतं, ओढलेलं शटर बघतं आणि पुढच्या दुकानाकडे जातं. तुझी वहिनी सुमन रोज सकाळी विचारते, "आज उघडायची का?" मी म्हणतो, बर्फ कोण आणणार? ती म्हणते, "फॅक्टरीवाला पाठवतो म्हणलाय की टेम्पोत घालून." तिचं बरोबर आहे. बर्फ कुणीही आणील. पण तुझ्यासारखं माझ्याशी भांडणार कोण, ते तिला कसं सांगू?

आपलं पहिलं भांडण ग्लासावरून झालं होतं, आठवतं? चरक नवीन होता, घुंगरांचा आवाज अजून खणखणीत होता. तू बर्फाची लादी उतरवलीस, गोणपाट काढलं, अंगावरचा भुसा झटकलास आणि रस मागितलास. मी काचेच्या ग्लासात दिला. तू तो परत माझ्यापुढे सरकवलास. "स्टीलच्यात दे बे. काचेतला रस गार लागत न्हाई." मी म्हटलं, रस तोच, बर्फ तोच, ग्लासानं काय होतं? तू म्हणालास, "हाताला विचार." मी हाताला विचारलं. स्टीलचा ग्लास गार लागला, ते खरं. पण मी काही कमी नव्हतो. मी म्हटलं, गार लागतो म्हणजे तुझ्या हाताची गरमी तो आत घेतो, तुझ्या हातानंच तुझा रस कोमट होणार. तू सगळा रस एका दमात पिऊन टाकलास आणि रिकामा ग्लास ठेवत म्हणालास, "व्हायला उरला तर पायजे." त्या दिवसापासून तुझ्यासाठी एक स्टीलचा ग्लास वेगळा ठेवला गेला. हे भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. दोघंही बरोबर होतो, म्हणूनच बहुतेक.

दुसरं भांडण थर्माकोलचं. मी थर्माकोलची पेटी आणली तेव्हा तू चार दिवस माझ्याशी धड बोलला नाहीस. भुशात आणि गोणपाटात बर्फ राखण्यात तुझा जन्म गेलेला. दुपारी धंदा मंदावला की ओला झालेला भुसा फुटपाथवर ताडपत्रीवर पसरून वाळवायचास. ओल्या भुशातून गरमी आत शिरते, कोरडा असेल तरच तो बर्फाला धरून ठेवतो, हे तू येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचास. मी चिडवायचो की तुझं अर्धं आयुष्य भुसा वाळवण्यात गेलं. शेवटी एकदा आपण पैज लावली. एकसारखे दोन तुकडे, एक तुझ्या भुशात, एक माझ्या पेटीत. संध्याकाळी उघडून बघितलं तर माझा तुकडा चांगला नारळाएवढा शिल्लक, तुझा लिंबाएवढा. तू दोन्ही तुकडे हातात घेऊन वजन केल्यासारखं केलंस आणि म्हणालास, "तुझ्या बर्फाला पेटीचा वास मारतोय." हरलो म्हणायला तुझी जीभ कधी वळली नाही. पुढं उंदरांनी पेटी कुरतडली तेव्हा तू अख्ख्या गल्लीला रस पाजलास, माझ्याच दुकानातला.

हे सगळं आठवून हसू यायला हवं. येत नाही. हसायला समोर तोंड लागतं रे कुणाचं तरी.

तुझा खरा धंदा मात्र रसवंत्यांचा आणि कुल्फीवाल्यांचा नव्हताच. लोक तुला बोलवायचे ते दुसऱ्याच कामाला. ज्या घरी कुणी गेलेलं असायचं आणि मुलगा पुण्याहून, लेक सुरतेहून निघालेली असायची, त्या घरी तुझी गाडी जायची. मयत थोपवून धरायला. नुसती लादी टाकून तू कधी निघून आला नाहीस. बर्फ कुठं ठेवायचा, त्यावर काय घालायचं, पाणी कुठून काढून द्यायचं, सगळं स्वतः बघायचास. तुझ्या जमातीत हे करत नाहीत. तुमच्यात गेलेल्या माणसाला थांबवत नाहीत, पुढची नमाज गाठायची आणि मोकळं करायचं. आमच्या लोकांना वाट बघायची असते, आणि त्यांच्या वाट बघण्याची सोय तू करायचास. मी एकदा तुला विचारलं होतं, तुला काय वाटतं रे याचं? तू म्हणालास, "पोरगं तोंड बघाया येतंय. तोंड दिसलं पायजे त्याला. एवढंच." मग विषय बदललास.

माझी आई गेली तेव्हा तू असाच आलास. धाकटा भाऊ लांब नोकरीला, यायला दुसरा दिवस उजाडणार होता. भावकीतल्या लोकांनी बर्फाच्या लाद्यांवर लाकडी फळी टाकली आणि तिच्यावर आईला ठेवायला निघाले. तू ओरडलास, "फळी काढा! फळी थंडी वर येऊ देत न्हाई. पत्रा आणा." लोकांना राग आला. मयताच्या घरी एवढ्या मोठ्यानं कोण बोलतं? तू कुणाचं ऐकलं नाहीस. गोठ्यावरचा सुटा पत्रा उतरवून, धुऊन, फळीच्या जागी घातलास. मग आईच्या अंगावर गोधडी घालायला सांगितलीस. आता बायका बिथरल्या. माझी मावशी म्हणाली, "आरं, गोधडीनं ऊब नाही का लागायची तिला? बर्फ घातलास खाली अन् गोधडी वर?"

तू शांतपणे म्हणालास, "मावशी, गोधडीत ऊब नसती. ऊब आपल्या अंगात असती, गोधडी ती फकस्त धरून ठिवती. माईच्या अंगात आता न्हाई ती. आता गोधडी बाहेरचं ऊन बाहेरच धरून ठिवील."

गफूर, या बोलण्याचा मला इतका राग आला होता की मी उठून परसात गेलो. आई गेली हे सकाळपासून सगळे सांगत होते. डॉक्टर बोलला, शेजारी बोलले, सुमन रडली. पण मला ते तुझ्या तोंडून कळलं. तिच्या अंगात आता ऊब नाही. ते ऐकल्यावर मी पहिल्यांदा रडलो, चुलीच्या लाकडांमागं उभा राहून. आणि रडता रडता तुला शिव्या घातल्या.

तू दिवसभर, रात्रभर हललाच नाहीस. पत्र्याच्या कडेनं पाणी साचलं की वाटीनं उपसायचास. आईचं लुगडं भिजू दिलं नाहीस. तिच्या नऊवारीचा काठसुद्धा कोरडा राहिला. दुसऱ्या दिवशी भाऊ आला तेव्हा आई झोपल्यासारखी दिसत होती. तो तिच्या गालाला गाल लावून रडला आणि तू मागच्या मागं निघून गेलास. मला तुला एक गोष्ट सांगायची राहिली, ती ही. त्या दिवशी तू जे केलंस ते आमच्या रक्ताच्या माणसानं केलं नसतं. आभार मानले असते तर तू मला चरकात घातलं असतंस, म्हणून मानले नाहीत. म्हटलं कधीतरी बोलू. बोलायला काय, तू रोजच येतोस. असंच वाटत राहिलं.

मग काचेची पेटी आली. विजेवर चालणारी, आत मयत ठेवायची. गावोगावच्या मंडळांनी घेतल्या, एक फोन केला की गाडीतून येते. तुझं बोलावणं कमी झालं. मला वाटलं तू चिडशील, पेटीला नावं ठेवशील. तू ठेवली नाहीस. एवढंच म्हणालास, "बरं झालं. लुगडं भिजत न्हाई." तरी नांदूरघाटच्या बाजूला कुठं लाइट गेली की रात्री-अपरात्री फोन यायचा आणि तू लादी घेऊन जायचास.

गेल्या वैशाखात तू लोकरीचा स्वेटर घालून रसवंतीवर आलास. बाहेर डांबर मऊ झालं होतं. मी पोट धरून हसलो. म्हटलं, बघा हो, बर्फवाल्यालाच थंडी वाजली! गिऱ्हाइकं पण हसली. तूही हसलास. "बर्फाची हवा लागली बे, दुसरं काय?" असं म्हणून माझ्या चरकाच्या मोटारीशेजारी, जिथं उन्हाळ्यात कुणी उभं राहत नाही, तिथं टेकून उभा राहिलास. त्या दिवशी तू स्टीलचा ग्लास घेतला नाहीस. काचेचा मागितलास. मी म्हटलं, शेवटी हरलास ना? तू म्हणालास, "हरलो." मला वाटलं मी जिंकलो. वेड्यासारखा घरी जाऊन सुमनला सांगितलं की आज गफूरनं हार मानली.

पुढं तू मधूनमधून लातूरला जायला लागलास. साडूकडे चाललो, म्हणायचास. साडूच्या शेतीचं काही भांडण आहे, मिटवायला जावं लागतं. येताना थकलेला असायचास, चेहरा पिवळा. मी म्हणायचो, कशाला लोकांच्या भांडणात जीव आटवतोस? तू म्हणायचास, "आपलंच माणूस हाय बे, टाकून कसं चालंल?" माझा विश्वास बसला. तुझ्यावर अविश्वास ठेवायची वेळच आली नव्हती कधी.

त्या सकाळी मी कडा गावाकडे होतो. यंदा जवळपास ऊस उरला नव्हता, कारखान्यांचं गाळप संपलेलं. कड्याजवळ एकाच्या मळ्यात थोडा शिल्लक आहे असं कळलं म्हणून भल्या पहाटे निघालो होतो. कांडी मोडून, चावून बघत होतो तेवढ्यात तुझ्या अस्लमचा फोन आला.

"चाचा, अब्बा गुजर गये."

मी म्हटलं, कुणाचे?

"चाचा, अपने अब्बा." मग त्यानं मराठीत सांगितलं, जसं काही मला त्यातच जास्त कळणार होतं. "सकाळी गेले. दुपारी जोहरच्या नमाजनंतर मिट्टी हाय. तुमी या."

पुढं मी काय केलं ते तुला सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मी फोन ठेवला आणि लगेच बर्फाच्या फॅक्टरीला लावला. दुसरं काही सुचलंच नाही. माणूस गेलंय, आपण लांब आहोत, तोंड बघायचंय, म्हणजे बर्फ. इतकी वर्षं तुझ्याकडून हेच शिकलो होतो. तुमच्यात हे चालत नाही हे मला शाळकरी पोरापेक्षा चांगलं माहीत होतं, तरी त्या घटकेला डोक्यात काही उरलं नव्हतं. म्हटलं, एक अख्खी लादी गफूरच्या घरी पाठवा, लगेच, भुसा जास्त घाला. पलीकडून तो म्हणाला, "पाठवायला कशाला पायजे? गफूरभाई येतेलच की आता, तेच नेतील."

मी म्हटलं, "गफूरसाठीच हाय."

मी फोन बंद केला. मळ्याचा मालक माझ्याकडे बघत होता. मी हातातली उसाची कांडी त्याच्या हातात दिली आणि रस्त्याकडे निघालो.

एस. टी. लवकर आली नाही. एका टेम्पोनं जामखेडपर्यंत सोडलं. तिथून बस मिळाली ती दर फाट्याला थांबत होती. खिडकीच्या लोखंडी दांडीला हात लावला की चटका बसत होता, तरी मी ती धरून बसलो होतो. अस्लमला फोन केला. म्हटलं, थोडं थांबा रे, मी येतोच, तोंड बघू द्या मला त्याचं. पोरगं रडायला लागलं. "चाचा, सगळे जमलेत. मौलाना बी आलेत. नमाज कशी थांबवू?" त्याचं चुकत नव्हतं. म्हटलं, ठीक आहे बाळा, करून घ्या. तोंडानं म्हटलं. आत मात्र असं वाटत होतं की ड्रायव्हरच्या गळ्याला धरावं. दुसऱ्यांच्या पोरांसाठी तू किती मयतं थोपवून धरलीस रे, मोजलीस का कधी? माझ्यासाठी एक नमाज थोपवता आली नसती तुला?

हे तुलाच विचारतोय, दुसऱ्या कुणाला विचारू?

तुझ्या दारात आलो तेव्हा गर्दी पांगली होती. ओट्याशेजारी दोन विटांवर लादी ठेवलेली होती. गोणपाटात नीट गुंडाळलेली, कुणी सोडलीसुद्धा नव्हती. खालून पाण्याची बारीक धार गटाराकडे चालली होती आणि एक कोंबडी ते पाणी पीत होती. फॅक्टरीवाल्यानं खरंच भुसा जास्त घातला होता. उन्हात इतका वेळ राहूनही लादी फारशी झिजली नव्हती. चांगला राखला होता बर्फ. तू बघून खूश झाला असतास.

मी ओट्यावर बसलो. पडद्याआडून भाभींचा आवाज आला. "भाईजान, तुमचा बर्फ आला होता. मी उतरवून घेतला. परत कसा पाठवू?"

मी म्हटलं, "चुकलं माझं, भाभी. मला भानच नव्हतं."

"चुकलं न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यांनी सांगूनच ठेवलं होतं. म्हणले, अंकुश बर्फ पाठविल, त्याला दुसरं काय सुचायचं न्हाई. त्याच्यावर रागावू नका. पण त्यो बर्फ मला लावू नका, म्हणले. मला आता थंडी सोसत न्हाई."

मला काही समजेना. विचारलं, कधी सांगितलं होतं हे? तेव्हा भाभींनी सगळं सांगितलं. किडन्या केव्हाच्या गेल्या होत्या. अंगात रक्तच राहत नव्हतं, कितीही पांघरलं तरी तुझं अंग तापायचं नाही. गेल्या उन्हाळ्याच्या आधीपासून हे चाललं होतं. लातूरला तू दवाखान्यात जात होतास, मशीनवर रक्त धुऊन घ्यायला. मी म्हटलं, पण तो तर साडूकडे जातो म्हणायचा.

मग भाभी म्हणाल्या, "कोणता साडू, भाईजान? मला बहीणच न्हाई."

गफूर, मी तुझ्या घरी किती वेळा जेवलो असेन! ईदेला शीरखुर्मा खाल्ला, अस्लमच्या लग्नात पंगती वाढल्या. भाभींना तीन भाऊ, तिघांनाही मी नावानं ओळखतो. बहीण नाही हे मला ठाऊक होतं. तरी तू साडू म्हणालास आणि मी साडू मानला. तू स्वतःभोवती इतका भुसा भरून ठेवलास की आतलं काही माझ्यापर्यंत आलंच नाही. तुझा तो स्वेटर, तो काचेचा ग्लास, मोटारीला टेकून उभं राहणं, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी त्यावर विनोद करत होतो. तू एकदा सांगायचं होतंस. मी काय केलं असतं? काहीच करू शकलो नसतो. पण लातूरच्या बसमध्ये शेजारी बसलो असतो की. भांडलो असतो वाटेनं. तेवढा वेळ तरी मिळाला असता. तू तोही दिला नाहीस, आणि आता तुझ्यावर रागवायचं तरी कुठं जाऊन?

अस्लमनं हळूच विचारलं, "चाचा, बर्फाचं काय करू?" लोक अजून येतजात होते, उन्हातून आलेले, घशाला कोरड पडलेले. मी म्हटलं, फोड आणि पाण्यात टाक. तुझा बर्फ फोडायचा टोचा घरातून आणून त्यानं माझ्या हातात दिला. मीच फोडली लादी. तुकडे वेडेवाकडे उडत होते. तुझ्या हातानं ती कशी सरळ रेघेवर दुभंगायची! लोकांनी ते पाणी पिलं. मला पण कुणीतरी तांब्या दिला, मी तो तसाच खाली ठेवला.

मग अस्लम मला कब्रस्तानात घेऊन गेला. उन्हं कलली होती, तरी झळा लागतच होत्या. तुझी जागा त्यानं लांबूनच दाखवली आणि मला पुढं जाऊ दिलं. फुलं होती, अगरबत्तीची राख होती. मी खाली बसलो आणि ढिगावर हात ठेवला. वरची माती तव्यासारखी तापली होती. तुला तोंडानं सांगायचं राहिलं ते बोलावं म्हटलं, आईचं, तिच्या कोरड्या लुगड्याचं. नुसतीच बोटं मातीत घातली. वीतभर खाली गेली तेव्हा हाताला ओल लागली. खाली माती थंड होती. चांगलीच थंड होती.

अस्लम मागं येऊन उभा राहिला होता. मला धीर द्यावा म्हणून तो म्हणाला, "चाचा, आत लई गार राहतं. वरचं ऊन खाली पोचतच न्हाई. अब्बाला आता कसलाच तरास न्हाई."

मी मान हलवली. पण हात काढवेना. तो कोपरापर्यंत आत गेला होता आणि मी तो तिथंच ठेवला. हातात होती तेवढी ऊब मातीत जाऊ दिली, आणि हात पार गार पडला तेव्हा दुसरा घातला.